उतारावरचं सपाट घर

मोहित्यांनी सिंधरोटच्या वाटेवर जमीन घेतली तेव्हा निम्म्या नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. बडोदं म्हणजे तळहातासारखं सपाट गाव. इथे जन्मलेल्या माणसाला चढ माहीत असतो तो रेल्वेच्या पुलाचा, नाहीतर पावागडचा. आणि ही जमीन तर रस्त्यापाशी सुरू होऊन मागे थेट मिनी नदीच्या कोतरांत, पाण्यानं कापून काढलेल्या मातीच्या घळींत उतरत गेलेली. बाभळी, बोरी आणि पायाखाली सरकणारी पिवळी माती. पण पहिल्याच फेरीत उन्मेषला तिथे मोर दिसले, आणि निरुपमाला दिसला तो उतार.

निरुपमा अलकापुरीतल्या एका फर्निचरच्या शोरूममध्ये घरांच्या आतल्या रचनेची चित्रं काढायची. कॉलेज सुटल्यापासून तेच काम. किती स्वयंपाकघरं आणि किती कपाटं तिच्या हाताखालून गेली असतील त्याला गणती नव्हती, पण ती सगळी दुसऱ्यांची, आणि सगळी सपाट जागेवरची. नवरा उन्मेष बाजव्याजवळच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात होता. त्याचे पणजोबा संस्थानात वहिवाटदार होते, आजोबा खंडेराव मार्केटजवळच्या कचेरीत मोठे कारकून. पुढे घराणं नोकरी-धंद्याला लागलं आणि सुभानपुऱ्यातल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबलं. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. उन्मेषची आई शालिनीबाई, म्हणजे घरच्यांच्या आईसाहेब, मुलगी नीरजा, आणि ही दोघं, असा चौघांचा संसार.

नव्या घराचं आतलं सगळं चित्र निरुपमानं स्वतः काढलं होतं, आणि त्यात जीव ओतला होता. रस्त्याच्या पातळीवर दार. आत शिरलं की चार पायऱ्या उतरून बैठकीची खोली, तिथून वळून पुन्हा तीन पायऱ्या खाली झोपायच्या खोल्या, आणि दारालगत एका अंगाला, दाराच्या पातळीहून एकच पायरी खाली, स्वयंपाकघर. जमीन उतरेल तसं घर उतरत जाणार होतं. त्याच्याही खाली, घळीच्या तोंडाशी, आणखी एक मोठी खोली. शोरूममधल्या पोरी ते चित्र बघून म्हणाल्या होत्या, मॅडम, हे तर मासिकात येईल.

बांधकाम गुणवंतभाईंकडे होतं. खालच्या खोलीचा स्लॅब झाला, घळीच्या बाजूची आडवी भिंत उभी राहिली. एका रविवारी उन्मेष एकटाच त्या भिंतीला पाणी मारायला गेला. मजूर सुट्टीवर होते आणि नवं सिमेंट कोरडं ठेवून चालत नाही. भिंतीच्या कडेची माती भिजून मऊ झाली होती. पाय सरकला, आणि तो पाइपासकट खाली खणलेल्या चरात पाठीवर पडला.

शेजारच्या शेतावरच्या माणसानं आवाज ऐकला म्हणून बरं. इस्पितळात त्याला नेलं, पाठीचं ऑपरेशन झालं, आणि मग डॉक्टरांनी निरुपमाला बाजूला बसवून सांगितलं की हात शाबूत आहेत, बाकी सगळं ठीक होईल, पण पायांत पुन्हा जोर येईल अशी आशा त्यांना वाटत नाही. निरुपमानं ते ऐकून घेतलं. तिनं एकच विचारलं, की यांना बसता येईल का. डॉक्टर म्हणाले, बसता येईल, हातांनी सगळं करता येईल. ती उठली आणि वॉर्डात जाऊन उन्मेषच्या शेजारी बसली. त्याला तिनं काही सांगितलं नाही. त्याला कळलेलं होतं.

काही महिन्यांनी त्याला घरी आणलं तेव्हा शेजारच्या चौघांनी त्याला खुर्चीसकट तिसऱ्या मजल्यापर्यंत उचलून नेलं. जिन्यात प्रत्येक वळणावर खुर्ची कलत होती आणि उन्मेष डोळे मिटून होता. त्यानंतर डॉक्टरांकडे जायचं नसेल तर तो घराबाहेर पडेना. रिफायनरीनं त्याला टेबलावरचं काम देऊ केलं होतं. तो नंतर बघू म्हणाला. रविवारी घरात सेव-उसळ व्हायची ती नेहमी त्यानंच करायची, तरीचा मसाला तो कोणाला भाजू देत नसे. आता आईसाहेब करायच्या आणि तो न बोलता खायचा. स्वयंपाकघरात तो जाऊ शकत नव्हता, कारण चाकाची खुर्ची त्या दारातून आत जात नव्हती.

मग एके दिवशी काकासाहेब आले. जयसिंगराव मोहिते, उन्मेषचे धाकटे चुलते, वडील गेल्यावर घरातला शेवटचा शब्द त्यांचा. माणूस कळकळीचा होता. त्यांनी वासण्याला एका नव्या इमारतीत फ्लॅट पाहून ठेवला होता, लिफ्टचा, आणि सिंधरोटच्या जमिनीला गिऱ्हाईकही आणलं होतं. ते म्हणाले, की ती जागा आपल्याला लाभली नाही हे मान्य करावं, मनाला लावून घेऊ नये, आणि उन्मेषला खाली-वर करता येईल अशा ठिकाणी लवकर जावं. आईसाहेबांनी मान डोलावली. त्यांनी त्या जमिनीचं नाव घेणंच सोडलं होतं.

उन्मेषला विचारलं तर तो खिडकीकडे बघत म्हणाला, "विकून टाका. मला ती जागा परत बघायची नाही."

काकासाहेबांचं काही चुकत नव्हतं, आणि तेच निरुपमाला बोचत होतं. तिनं त्यांच्याकडून थोडा वेळ मागून घेतला. काकासाहेब म्हणाले, गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत थांबेल.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं शोरूममधल्या मोठ्या टेबलावर जमिनीच्या मोजणीचा नकाशा पसरला. त्यावर उताराच्या रेघा होत्या, वेड्यावाकड्या, एकीखाली एक. तिनं आधी हा नकाशा शंभरदा बघितला होता, पण तेव्हा पायऱ्या कुठे सुंदर दिसतील एवढंच शोधत होती. आता ती चाकं घेऊन त्या रेघांवरून फिरायला लागली. एका रेघेवरून चाललं की माणूस वरही जात नाही आणि खालीही जात नाही. रस्त्याच्या पातळीची रेघ पकडली तर सगळं घर एका सपाटीवर राहील, फक्त मागचं अंग खांबांवर घळीकडे पुढे काढावं लागेल. आणि खालची खोली? तिनं बोटानं कुंपणाच्या कडेची रेघ धरली आणि हळूहळू तिरकं उतरत नेलं. बोट वळसा घालून खालच्या खोलीच्या दाराशी आलं. सपाट जमिनीवर वरच्या मजल्याला जिन्याशिवाय गती नसते. उतारावर मात्र दोन्ही मजल्यांना आपापली जमीन होती. घराबाहेरून, जमिनीवरूनच, चाकांची खुर्ची दोन्ही दारांशी पोचू शकत होती.

वासण्याच्या फ्लॅटमध्ये उन्मेषला एक मजला मिळाला असता, आणि खाली जायला लिफ्टचं बटण. लाइट गेले की तोही मजला तुरुंग. इथे त्याला सगळं घर मिळणार होतं.

पण नकाशावर पटलं म्हणून घर होत नाही, हे तिला पुरतं माहीत होतं. तिला हेही कळत होतं की खुर्चीत बसलेल्या माणसाचं घर आपण उभ्यानं काढतो आहोत. शोरूम रविवारी बंद असायची. मालकांना विचारून तिनं चावी घेतली, भाड्यानं एक चाकाची खुर्ची आणली, आणि तिच्यात बसून स्वतःच्याच हातच्या नमुन्याच्या स्वयंपाकघरात शिरली. ओट्याखाली गुडघे जाईनात. वरच्या कपाटाचं हँडल हाताला येईना. सिंकमधला नळ इतका मागे, की छाती दगडाला टेकून लांब व्हावं लागत होतं. दारं तर सगळी मापात होती, ज्या मापात ती आजवर सगळ्यांना देत आली होती, आणि त्या मापाच्या चौकटीतून जाताना चाकावरचे हात दोन्ही बाजूंना सोलून निघत होते. ती पुन्हा बसली, पुन्हा गेली. हातात मोजायची टेप आणि मांडीवर कागद.

असे काही रविवार गेले. घरी ती म्हणायची, कामाचा बोजा आहे. एका रात्री जेवताना उन्मेषचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. दोन्ही हातांच्या बोटांच्या पेरांवरची कातडी गेली होती आणि त्यावर खपल्या धरल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या हातांवर तशाच खुणा होत्या, जिथे संडासाची चौकट लागायची तिथे.

"हे काय झालं?" त्यानं विचारलं.

तिनं खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. "तुमच्यासारख्या खुर्चीत बसून दारं मोजते आहे," ती म्हणाली.

तो बराच वेळ भात कालवत राहिला. तिला वाटलं आता चिडणार, ताट सरकवणार. आईसाहेबही घास थांबवून बसल्या होत्या. मग त्यानं विचारलं, "दार किती घेतलंस?"

"साडेतीन फूट. बाहेरचं चार."

"बाहेरचं चार बरोबर. आतलं साडेतीनही चालेल, पण वळायचं तिथे जागा ठेव. दारातून सरळ जाता येतं. त्रास होतो तो दारापाशी वळताना." तो इन्स्ट्रुमेंटचा माणूस होता, वाल्वच्या कोपऱ्यांत हात घालून काम केलेला. एकदा बोलायला लागला की माप सोडत नसे. त्यानं ताटातल्या चमच्यानं टेबलावर दाखवलं, खुर्ची कशी मागे घ्यावी लागते आणि पुढचं चाक कुठे फिरतं. निरुपमा उठून कागद घेऊन आली. त्या रात्री जमीन विकण्याबद्दल तो काही बोलला नाही, आणि राहण्याबद्दलही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तो कागद मागून घेतला.

काकासाहेबांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. त्यांना राग आला. ते म्हणाले, ज्या जागेनं नवऱ्याचे पाय घेतले तिथेच त्याला नेऊन बसवायचा हा कसला हट्ट. निरुपमाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही.

"काकासाहेब, तिथे पाणी मारताना माती सरकली. त्यात जागेचा दोष नाही. मी त्यांना तिथे बसवायला नेत नाही, फिरायला नेते आहे. तुम्ही पायभरणीला आला होता तसे आता एकदा या, आणि मी कुठे चुकते ते दाखवा."

काकासाहेब म्हणाले बघू, आणि आले नाहीत. पण गिऱ्हाइकाला त्यांनी नकार कळवला.

निरुपमा साइटवर गेली तेव्हा वरच्या स्लॅबचं सेंट्रिंग, काँक्रीट ओतायचा फळ्या-टेकूंचा साचा, पायऱ्यापायऱ्यांचं उभं होतं, जुन्या चित्राबरहुकूम, तसंच महिनोन्महिने ऊन-पाऊस खात थांबलेलं. गुणवंतभाईंना तिनं ते सगळं खोलायला सांगितलं. ते चष्मा वर करून तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बेन, खोलवानुं थई जशे. पछी पाछुं बदलशो नहीं." खोलू, पण नंतर पुन्हा बदलू नका, असं. तिनं सांगितलं, आता बदलणार नाही.

स्ट्रक्चरचं गणित शुभंकरकडे होतं, निरुपमाच्या मामेभावाकडे. त्यानं नवं चित्र तपासलं, खांब दोन वाढवले, घळीच्या बाजूची भिंत खाली आणखी खोल नेली. सगळं एका पातळीवर आलं. फक्त एका ठिकाणी अडलं. स्वयंपाकघराच्या घळीकडच्या पट्टीचा स्लॅब अपघाताच्या आधीच घालून झाला होता, आणि तो बाकीच्या घरापेक्षा सहा इंच खाली होता. ती जुन्या चित्रातली एकच पायरी, जिचं तिला तेव्हा कौतुक होतं. तो भाग भिंतीच्या बाहेर अधांतरी काढलेला होता. भराव टाकून वर आणू म्हटलं तर शुभंकर म्हणाला, एवढं वजन त्या बीमवर नको. लाकडी फळ्यांची जमीन करता येईल, पण पाणी-तेलाच्या जागी ती किती टिकेल ते मी सांगू शकत नाही. तोडून पुन्हा घाल म्हणशील, तर खालच्या खोलीचंही छत जाईल.

त्या दिवशी निरुपमा फार वैतागलेली होती. सगळं घर सपाट करून, ज्या खोलीत उन्मेषला सर्वात जास्त जायचं होतं तिथेच पायरी उरली होती. घरी येऊन ती ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईसाहेबांना भाजी चिरून देत बसली. आईसाहेबांचा ओट्याबद्दल जुना तंटा होता. त्यांना उंच ओटा लागे, नाहीतर कंबर धरायची. उन्मेषला लागणार तो बुटका, गुडघे खाली घालून बसता येईल असा. निरुपमानं दोघांसाठी दोन ओटे काढले होते, खोलीच्या दोन टोकांना, म्हणजे स्वयंपाक करताना माय-लेकरांची एकमेकांकडे पाठ. आईसाहेबांना कंबरेवर हात ठेवून उभं राहिलेलं बघता बघता तिचा विळीवरचा हात थांबला. बुटका आणि उंच. दोघांतला फरक सहा इंचांचाच तर होता.

तिनं ओटा त्या पायरीच्या कडेवरच उभा केला, दोन्ही बाजूंनी मोकळा. वरच्या फरशीवरून मोजलं तर एकोणतीस इंच, खुर्चीतल्या माणसाला हवा तसा. खालच्या फरशीवरून मोजलं तर पस्तीस, आईसाहेबांना हवा तसा. दगड एकच, काळा कडप्पा. वरच्या बाजूला पोट मोकळं ठेवलं, पाय आत जावेत म्हणून. पायरीच्या उघड्या टोकाला ठेंगणा कठडा घातला, चाक चुकून खाली जाऊ नये म्हणून, आणि आईसाहेबांना उतरायला भिंतीत पितळी दांडा. शेगडी मधोमध. शुभंकरनं ते चित्र बघितलं आणि त्यात काही दुरुस्ती केली नाही.

खरं भांडण झालं ते उंबरठ्यावरून. सगळी दारं फरशीला फरशी भिडवून करायची होती, कुठेही काठ नाही. आईसाहेबांना ते कळलं तेव्हा त्या अंथरुणावर उठून बसल्या. उंबरठ्याशिवाय घर त्यांनी ऐकलं नव्हतं. दसऱ्याला पूजा कशाची करायची, संध्याकाळी दिवा कुठे ठेवायचा, रांगोळी कशाला काढायची. तिला सांगायला त्यांच्याकडे एवढं सगळं होतं, आणि निरुपमाकडे एकच उत्तर होतं, की अर्ध्या इंचाचा काठही चाकाला अडतो. आईसाहेब म्हणाल्या, मग एकट्या बाहेरच्या दाराला तरी ठेव, आम्ही उचलू खुर्ची.

"नाही, आईसाहेब," निरुपमा म्हणाली. "स्वतःच्या घरात शिरायला त्यांना कोणी उचलायचं नाही."

सासूपुढे असं सरळ नाही ती लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणत होती. आईसाहेबांनी दोन-तीन दिवस तिच्याशी अबोला धरला. ती त्यांचा चहा वेळेवर देत राहिली आणि काम थांबवलं नाही. पण तिनं गुणवंतभाईंना सांगून बाहेरच्या दाराच्या फरशीत एक काळ्या दगडाची पट्टी बसवून घेतली, वीतभर रुंद, फरशीच्या अगदी सपाटीला. हात फिरवला तरी कड लागू नये असा घासून घेतलेला दगड. ती दाखवायला तिनं कोणाला नेलं नाही.

वास्तुशांत झाली तेव्हा रिफायनरीतली, शोरूममधली, सुभानपुऱ्यातली माणसं आली. उन्मेष गाडीतून उतरून खुर्चीत बसला. नीरजानं सवयीनं मागच्या मुठी धरल्या. तो म्हणाला, सोड. रस्त्यापासून दारापर्यंतचा मार्ग सपाट होता. तो चाकं फिरवत आला, दारापाशी थांबला, आणि खाली त्या काळ्या पट्टीकडे बघितलं. आईसाहेब हातात कुंकवाची कोयरी घेऊन पुढे आल्या. त्यांनी एका हातानं चौकट धरली, कष्टानं खाली वाकल्या, पट्टीवर हळद-कुंकू वाहिलं, आणि शेजारी ठिपक्यांची चार बोटांची रांगोळी काढली. मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "उद्या मी इथेच काढीन. दगड थंड आहे, बरा आहे." उन्मेष रांगोळीला वळसा घालून आत गेला.

काकासाहेब उशिरा आले. सगळं घर काठीनं ठोकत फिरले, खांबांबद्दल शुभंकरला तीन-चार प्रश्न विचारले, आणि जेवायला बसताना निरुपमाला सांगितलं की न्हाणीघरातला आधाराचा दांडा त्यांनाही हवा आहे, सुतार कोण ते कळव.

स्वयंपाकघराचा खरा कस पहिल्या रविवारी लागला. उन्मेषनं सकाळीच जाहीर केलं की सेव-उसळ तो करणार. तो ओट्याच्या वरच्या बाजूनं आला, गुडघे आत घातले, आणि कढई ओढली. आईसाहेब पितळी दांडा धरून खालच्या बाजूला उतरल्या आणि समोर येऊन उभ्या राहिल्या, वाटाणे निवडायला. निरुपमा दारात उभी होती. तिनं हिशोब केला होता तो हातांचा, कोपरांचा आणि कंबरेचा. पुढचं तिच्या चित्रात नव्हतं. तो बसलेला, त्या उभ्या, पण त्या खाली आणि तो वर, म्हणून दोघांचे चेहरे जवळजवळ समोरासमोर आले होते. अपघातापासून सगळं जग त्याच्याशी वरून वाकून बोलत होतं. आईसाहेबांनी मान वर केली आणि त्या क्षणभर बघतच राहिल्या.

"उन्मेष," त्या म्हणाल्या, "तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्या रे."

"झाल्यात," तो म्हणाला. "तुम्हाला आत्ता दिसल्या." आणि मसाला भाजायला घेतला. निरुपमा तिथून निघून मागच्या, घळीकडे खांबांवर काढलेल्या गच्चीत गेली आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

सगळंच काही साधलं नाही. कुंपणाकडून खालच्या खोलीकडे जाणारा रस्ता, जो तिनं बोटानं नकाशावर उतरवला होता, तो पहिल्यांदा फसला. चढ बरोबर होता, बारा फुटांना एक फूट, पण वळण आखूड पडलं. उन्मेष पहिल्यांदा त्या वळणावर आला तेव्हा खुर्चीचं पुढचं चाक बाहेरच्या कडेला घासून अडकलं, आणि त्यानं दोन्ही हातांनी कठडा धरला. खाली घळ दिसत होती. नीरजा पळत गेली. वर आल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्यानंतर तो रस्त्याचं नाव काढेना. म्हणाला, खालची खोली राहू दे, वर पुरे आहे.

निरुपमाला वर पुरे नव्हतं. तिनं वळणाची फरशी फोडायला लावली. गुणवंतभाई म्हणाले, तुम्ही बदलणार नव्हता, बेन. ती म्हणाली, बदलत नाही, पुरं करते आहे. ती स्वतः खुर्चीत बसून त्या कच्च्या वळणावर वर-खाली गेली, मजूर बघत होते तरी, आणि जिथे चाक सहज फिरलं तिथे खडूनं रेघ ओढली. वळण जवळजवळ दुप्पट मोठं झालं, एक बोर तोडावी लागली, मध्ये श्वास घ्यायला एक सपाट जागा ठेवावी लागली. ते तयार झालं तेव्हा तिनं उन्मेषला काहीही सांगितलं नाही. नीरजालाही ताकीद दिली की कोणी त्याला चला म्हणायचं नाही.

तोवर तो कामावर जायला लागला होता. रिफायनरीची गाडी रस्त्यावर येऊन थांबायची आणि तो सरळ दारातून बाहेर पडून तिच्यापर्यंत जायचा, मदतीशिवाय. आल्यावर गच्चीत बसून घळीकडे बघायचा. कुठल्या बाभळीवर मोर बसतो ते त्याला पाठ झालं होतं.

एका शनिवारी दुपारी निरुपमा शोरूमचं काम घरी घेऊन बसली होती. आईसाहेब झोपल्या होत्या. खुर्चीची चाकं दारातून बाहेर गेल्याचा आवाज झाला, मग कुंपणाच्या बाजूला. ती उठली नाही. तिनं पेन्सिल घट्ट धरली आणि कान दिले. चाकं हळू उतरत होती, मध्ये थांबत होती. वळणाशी बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. तिच्या मनात तो चर आला, तो रविवार आला, आणि पाय आपोआप खुर्चीखालून निघाले. तिनं ते परत आत घेतले. तो अडकला असता तर हाक आली असती. हाक आली नाही. मग पुन्हा चाकं, आणि खालच्या खोलीचं सरकतं दार उघडल्याचा आवाज.

ती गच्चीत गेली आणि कठड्यावरून खाली वाकली. खालच्या ओसरीत, घळीच्या तोंडाशी, तो बसला होता, तळहात मांडीवर पालथे. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं वर बघितलं.

"चहा पाठव ना," तो म्हणाला.

तिनं कठड्यावर दोन्ही कोपरं टेकवली.

"चहा वर आहे," ती म्हणाली. "वर या."

त्यानं थोडं अंग पुसलं, घळीकडे एकदा बघून घेतलं, आणि खुर्ची वळवली. निरुपमा आत गेली आणि आधण ठेवलं. चढायला उतरण्यापेक्षा जास्त वेळ लागणार, म्हणून तिनं गॅस बारीक केला.